छोट्या विमानात धक्के किती बसतात, कुठल्या विमानात कमी बसतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चार-सहा सीटच्या विमानात पहिल्यांदा बसायची वेळ आली की लोक दोनच गोष्टी विचारतात, एक म्हणजे हे पडणार तर नाही ना आणि दुसरं म्हणजे हलतं किती. फ्लाइंग स्कूलला ॲडमिशन घेतलेली पोरं, त्यांचे आईवडील, चार्टरने देवदर्शनाला निघालेली मंडळी, झालंच तर स्वतःचं विमान घ्यायचं मनात असलेले एखाददुसरे हौशी, सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच, म्हणून इथे एकत्र लिहून ठेवतोय. आकडे मॅक्सिमम वजन धरून काढलेत, व्हर्जनप्रमाणे थोडं इकडे-तिकडे होणार.

मोठ्या विमानात चहासुद्धा सांडत नाही आणि सेस्नात डोकं छताला लागतं, असं का?

मुख्य खेळ विंग लोडिंगचा आहे. विमानाचं वजन भागिले पंखाचं क्षेत्रफळ, म्हणजे पंखाचा एकेक चौरस मीटर किती किलो उचलून धरतोय ते. खालून वर येणारा हवेचा झोत लागला की पंखाची लिफ्ट, म्हणजे वर उचलणारी ताकद, अचानक वाढते, आणि तेवढ्याच जास्तीच्या लिफ्टने हलकं विमान जोरात उडतं, जड विमान कमी. रिकामा टेम्पो खड्ड्यातून उड्या मारत जातो आणि सिमेंटच्या गोण्या भरलेला नुसता डुलतो, तसंच.

आता आकडे बघा. सेस्ना १५२, म्हणजे ते दोन सीटचं ट्रेनर, चौरस मीटरला ५१ किलोच्या आसपास. सेस्ना १७२ साधारण ७१. बीचक्राफ्ट बोनान्झा ए३६ ला ९८ च्या जवळ, सिरस एसआर२२ च्या नव्या मॉडेलला १२०, पिलाटस पीसी-१२ ला १८४, किंग एअर बी२०० ला २००. आणि ज्यात आपण मुंबई-नागपूर करतो त्या बोइंग ७३७-८०० ला पूर्ण लोडवर ६३० च्या पुढे. चहा का सांडत नाही ते यात आलं.

फक्त आकार बघून मात्र फसू नका. पियाजिओ अवांती नावाचं इटालियन टर्बोप्रॉप, म्हणजे जेटसारख्या इंजिनने प्रोपेलर फिरवणारं विमान आहे, वजनाला किंग एअरच्याच गटातलं, पण पंख इतका छोटा की लोडिंग ३४० च्या घरात जातं. दिसायला विचित्र, प्रोपेलर मागे, नाकाशी मिशीसारखे दोन छोटे पंख, पण राइडच्या बाबतीत त्याचं नाव निघतं ते उगाच नाही.

म्हणजे जास्त विंग लोडिंगचं विमान घेतलं की प्रश्न मिटला?

इथेच बरेच जण चुकतात. धक्का दोन गोष्टींवर ठरतो, विंग लोडिंग वाढलं की धक्का कमी, पण स्पीड वाढला की धक्का जास्त. आणि जास्त लोडिंगची विमानं पळतातही जास्त.

एक ढोबळ हिशोब करून बघा, स्पीड नॉट्समध्ये घ्या आणि त्याला विंग लोडिंगने भागा. १७२ चा क्रूझ १२० नॉट्स धरला तर १२० भागिले ७१, म्हणजे १.७. एसआर२२ चा १८० धरला तर १८० भागिले १२०, म्हणजे १.५. फरक फारच थोडा! कोट्यवधी रुपये जास्त मोजून घेतलेलं विमान फुल पॉवरवर जवळपास सेस्नाइतकंच आपटतं, उलट धक्के पटापट आणि टोकदार येतात कारण तुम्ही त्याच हवेतून दीडपट वेगाने चाललाय. पण सिरसवाल्याने पॉवर कमी करून स्पीड १३० वर आणला की तोच आकडा १.१ होतो आणि मग पैसे कुठे गेले ते कळतं. १७२ वालाही स्लो करू शकतो पण त्याच्याकडे कमी करायला स्पीडच कितीसा आहे.

पंखाचा आकार, त्याचा मागे झुकलेला कोन, लवचिकपणा हे सगळंही यात येतं, त्यामुळे या भागाकाराला सूत्र वगैरे समजू नका, अंदाज यावा एवढ्यापुरताच आहे तो.

टर्ब्युलन्समध्ये पंख तुटतो का?

नॉर्मल कॅटेगरीचं छोटं विमान ३.८ जी, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या ३.८ पट, इथपर्यंतच्या लोडला कायमचं काही न वाकता टिकेल असं बनवलेलं असतं आणि त्यावर दीडपट मार्जिन ठेवलेलं असतं. डिझाइन करताना क्रूझ स्पीडला सेकंदाला ५० फुटांचा उभा झोत लागला तर काय होईल तेही धरलेलं असतं. साध्या दुपारच्या धक्क्यांमध्ये यातलं काहीही वापरलं जात नाही, आपल्याला पोटात गोळा येतो तेव्हा मीटरवर दीड-पावणेदोन जी दिसत असतो.

अट एकच, स्पीड हद्दीत पाहिजे. एअरस्पीड इंडिकेटरवरचा पिवळा पट्टा फक्त शांत हवेसाठी असतो आणि धक्के सुरू झाले की मॅन्युव्हरिंग स्पीडच्या खाली यायचं. त्या स्पीडखाली मोठा झोत लागला तर पंख लोड लिमिटच्या पुढे जायच्या आधीच स्टॉल होतो, म्हणजे लिफ्ट सोडून देतो, एक प्रकारचा फ्यूजच म्हणा ना. एक गंमत अशी की विमान हलकं असेल तर हा स्पीड अजून कमी होतो. १७२एस ला फुल वजनावर, म्हणजे ११५७ किलोला, तो १०५ नॉट्स आहे, ९९८ किलोला ९८ आणि ८६२ किलोला ९०. नवीन विद्यार्थ्यांना हे उलटं वाटतं, त्यांना वाटतं हलकं विमान म्हणजे ताण कमी, पण वर टेम्पोचं सांगितलं तेच इथेही आहे, हलकं विमान त्याच झोताने जास्त जोरात उचललं जातं, इंजिन-बॅटरीसकट सगळ्या माउंटिंगवर जास्त जी येतो. त्यामुळे सोलोला एकटे निघालात की हा आकडा परत बघायचा, इन्स्ट्रक्टरसोबतचा लक्षात ठेवून चालत नाही.

वादळी ढगाच्या आत मात्र हे सगळे आकडे विसरा. तिथून २० नॉटिकल मैल लांब राहायचं, कुठलंही विमान असो.

हाय विंग चांगलं की लो विंग?

राइडच्या बाबतीत हा वाद जवळपास फुकटचा आहे. सेस्ना १७२ आणि पायपर आर्चर घ्या, एकाचा पंख वर, एकाचा खाली, वजन सारखंच, विंग लोडिंग जवळपास सारखंच, धक्केही सारखेच. हाय विंगला विमान पंखाला लटकल्यासारखं वाटतं म्हणून काहींना स्थिर वाटतं एवढंच. खरा फायदा वेगळाच, मे महिन्यात मराठवाड्यात ॲप्रनवर, म्हणजे विमानं उभी करतात त्या जागेवर, उभं राहून बघा, पंखाची सावली डोक्यावर असणं काय चीज आहे ते कळेल. छोट्या पिस्टन विमानांमध्ये एसी बहुतेक नसतोच.

डायमंड, बोनान्झा, मूनी, सिरस यांच्या राइडमध्ये काय फरक जाणवतो?

डायमंड डीए४० चे पंख लांबलचक आणि अरुंद, जवळपास १२ मीटरचा स्पॅन, ग्लायडरच्या घराण्यातून आल्याचं दिसतंच. असा पंख एफिशिएंट असतो पण प्रत्येक झोत बरोब्बर पकडतो. कंपोझिट असल्यामुळे थोडा लवतो, त्याने धक्क्याची धार जाते पण वर-खाली होणं राहतंच. गोंदियाला शिकलेल्या पोरांना विचारा, विदर्भातली एप्रिलची दुपार आणि डीए४० हे कॉम्बिनेशन त्यांना चांगलं माहितीये. वर काचेचा मोठा घुमट, त्यातून ऊन थेट मांडीवर, ते वेगळंच.

बोनान्झा हाताला गोड विमान, कंट्रोल्स हलके, बसायला ऐसपैस. पण जुना व्ही-टेल, म्हणजे व्ही आकाराच्या शेपटीचा, मॉडेल ३५, जो १९४७ ते १९८२ पर्यंत बनत होता, तो टर्ब्युलन्समध्ये शेपूट हलवतो. नाक सारखं डावीकडे-उजवीकडे, पायलटला फार वाटत नाही पण मागे बसलेल्याचं पोट ढवळतं. म्हणून त्यात बरेच मालक यॉ डॅम्पर, म्हणजे नाकाचं हे डावं-उजवं हलणं आपोआप थोपवणारं यंत्र, बसवून घेतात, आणि माझ्या मते व्ही-टेल घ्यायचंच असेल तर त्याच्याशिवाय घेऊ नये, कमीत कमी बायकोला पुन्हा विमानात बसवायचं असेल तर.

मूनीचा घोटाळा असा की आकड्यावरून अंदाज येत नाही. एम२०जे चं विंग लोडिंग ७७ च्या आसपास, १७२ पेक्षा जरासंच जास्त, पण ते दीडशेच्या पुढे पळतं, म्हणजे भागाकार करून बघा, २ च्या वर जातो. कंट्रोल्स कडक असल्यामुळे हाताला मात्र घट्ट, भक्कम वाटतं, मूनीवाले त्यावरच खूश असतात. जमिनीवर तर विचारूच नका, लँडिंग गिअरला शॉक ॲब्सॉर्बर म्हणून रबराच्या चकत्या आहेत, टॅक्सीवेवरचा प्रत्येक जोड मणक्यात मोजून घ्यायचा.

सिरसबद्दल वर बोललोच. स्लो केलं तर पिस्टन सिंगलमध्ये उत्तम राइड, केबिन जवळपास ५० इंच रुंद, सेस्नात जशी खांद्याला खांदा लावून बसायची वेळ येते तशी येत नाही. सिरसला अख्खं विमान खाली उतरवणारं पॅराशूट असतं, ते राइड सुधारत नाही, पण सोबतच्या माणसाला ते आहे हे सांगितलं की त्याचा चेहरा सुधारतो.

कुठल्या सीटवर कमी हलतं?

पंखाजवळ, म्हणजे जिथे विमानाचा तोल आहे तिथे. चार सीटवाल्यात पुढची सीट. सहा सीटवाल्यात सगळ्यात मागची जोडी सगळ्यात वाईट, वर-खाली तर होतंच, शेपटीबरोबर आडवंही फिरतं. पीसी-१२ किंवा किंग एअरमध्ये समोरासमोर सीट असतात, त्यात उलटी व्हायची सवय असलेल्याने मागे तोंड करून बसू नये.

आपल्याकडे कुठल्या वेळेला हवा शांत असते?

हे विमान निवडण्यापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे, खरं सांगतो. सकाळी ७ ला १५२ मधून जा आणि दुपारी २ ला किंग एअरमधून उतरा, मे महिना असेल तर १५२ वालाच जास्त आरामात आलेला असेल.

दख्खनच्या पठारावर सूर्य चढला की काळी जमीन तापते, तिच्यावरची हवा तापून वर सुटते, आणि आजूबाजूची थंड हवा खाली बसते. तुम्ही एकातून दुसऱ्यात शिरता तो धक्का. नांगरलेलं काळं रान, डांबरी रस्ता, एमआयडीसीचे पत्रे, सगळं वर ढकलणार. ऊस उभा असेल तिथे कमी, आणि उजनी किंवा जायकवाडीच्या पाण्यावर आलं की एकदम शांत, पाणी संपलं की परत सुरू. मार्च ते मे साडेदहा-अकरा वाजल्यापासून संध्याकाळी साडेचार-पाच पर्यंत हे चालतं. बारामती, धुळ्याकडची ट्रेनिंगची गर्दी पहाटेच असते ती त्यामुळेच, आणि दुपारच्या गरम हवेत इंजिनचा आणि पंखाचा दमही कमी पडतो ते आहेच. संध्याकाळी परत छान होतं पण आपल्याकडे व्हीएफआर, म्हणजे बाहेर बघून केलेलं, उड्डाण सूर्यास्तानंतर २० मिनिटांत संपवावं लागतं म्हणून ती खिडकी छोटी. वळिवाचे ढग त्याच वेळेला उभे राहतात ही अजून एक कटकट.

डिसेंबर-जानेवारीची सकाळ मात्र स्वर्ग. खाली धुरकट थर, वर काचेसारखी हवा, हात सोडले तरी विमान हलत नाही. साखर कारखान्याच्या चिमणीचा धूर सरळ वर जाऊन एका उंचीवर आडवा पसरलेला दिसला की समजायचं, त्या थराच्या वर गेलात की मजा आहे.

ढगांच्या वर गेलं की धक्के थांबतात ना?

कापसासारखे छोटे ढग असतील तर हो, थर्मल, म्हणजे तापून वर सुटलेली हवा, तिथपर्यंतच येतात, वर शांत. तळ किती उंच असेल त्याचा अंदाज काढता येतो, तापमानातून दवबिंदू वजा करा आणि ४०० ने गुणा, जमिनीपासून तेवढे फूट. ऑक्टोबरमध्ये फरक ८-१० अंश असतो, तळ तीन-चार हजार फुटांवर, वर निघून जाता येतं. एप्रिलमध्ये ३८ तापमान आणि दवबिंदू १० असेल तर हिशोब ११,२०० फुटांवर जातो, १७२ ची सर्व्हिस सीलिंग, म्हणजे चढायची व्यवहारातली हद्दच, १४,००० फूट आहे, चढता चढता शिर्डी येईल. शिवाय त्या उंचीवर ऑक्सिजनचा विचार करावा लागतो. पीसी-१२ सारखं प्रेशराइज्ड, म्हणजे केबिनमध्ये हवेचा दाब राखणारं, विमान इथे जिंकतं, ते ३०,००० फुटांपर्यंत जातं आणि खालचा सगळा तमाशा खालीच ठेवतं.

सह्याद्री ओलांडताना जास्त हलतं का?

वारा असेल तर हो. वारा डोंगराला आदळून पलीकडे उतरतो तिथे हवा खाली दाबली जाते आणि भोवरे तयार होतात. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा जोरात असतो म्हणजे गडबड घाटमाथ्याच्या पूर्वेला, देशाकडच्या अंगाला. कोकणातून येताना विमान आधी उचलल्यासारखं होतं आणि माथा ओलांडला की बसतं. उलट बाजूने, पुण्याकडून कोकणात जाताना, ते बसणं माथ्याच्या आधी येतं, समोर डोंगर असताना, आणि हे जास्त वाईट. म्हणून माथ्यापेक्षा कमीत कमी २,००० फूट वर राहायचं आणि सरळ काटकोनात न जाता ४५ अंशात तिरकं जायचं, परत फिरावं लागलं तर पटकन वळता येतं. माथ्यावर वारा २०-२५ नॉट्सच्या पुढे असेल तर छोट्या विमानाने सरळ दुसऱ्या दिवशी जावं.

हे घाबरवायला सांगत नाहीये. स्टीव्ह फॉसेट, ज्याने २००२ मध्ये एकट्याने बलूनमधून पृथ्वीप्रदक्षिणा केली, तो ३ सप्टेंबर २००७ ला नेवाडातून एका साध्या दोन सीटच्या सुपर डेकॅथलॉनमधून फिरायला म्हणून निघाला आणि परत आलाच नाही. अवशेष वर्षभराने कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडा डोंगरात सापडले. अमेरिकन तपास यंत्रणेचा निष्कर्ष असा की डोंगराजवळ खाली जाणाऱ्या हवेत सापडला आणि तिच्यापेक्षा जास्त वेगाने चढायची ताकद त्या विमानात नव्हती. म्हणजे धक्क्यांनी काही मोडलं नाही, हवा खाली जात होती आणि विमानाची चढण कमी पडली. छोट्या विमानाला डोंगरात खरी भीती या गोष्टीची.

पुढच्या विमानाने "लाइट टर्ब्युलन्स" सांगितलं, मग आम्हाला एवढं का आपटलं?

कारण ते एअरबस होतं. लाइट, मॉडरेट, सिव्हिअर ही नावं त्या-त्या विमानाला काय जाणवलं त्यावर दिली जातात. एअरलाइनवाल्याचं लाइट म्हणजे तुमचं आरामात मॉडरेट. रिपोर्ट ऐकताना विमानाचा टाइप आधी ऐकायचा.

मोठ्या विमानाच्या मागून जाताना काय होतं?

पंखांच्या टोकांवरून हवेचे भोवरे सुटतात, मिनिटाला ३०० ते ५०० फुटांनी खाली बसत जातात आणि दिसत नाहीत. ७ जानेवारी २०१७ ला अरबी समुद्रावर मालेहून अबूधाबीला निघालेलं चॅलेंजर ६०४ हे बिझनेस जेट समोरून हजार फूट वरून गेलेल्या ए३८० च्या भोवऱ्यात सापडलं, गोल फिरलं, साडेआठ हजार फुटांहून जास्त खाली आलं, आतले लोक जखमी झाले. पायलटने सावरून मस्कतला उतरवलं पण विमान पुन्हा वापरण्यालायक राहिलं नाही. ते जेट होतं, वजनदार होतं, तरी ही गत. आपण १७२ मध्ये असाल तर टॉवरने "कॉशन वेक टर्ब्युलन्स" म्हटल्यावर दोन-तीन मिनिटं थांबायला लाजू नका.

चार्टर करतोय, जेट घेऊ की टर्बोप्रॉप?

मुंबई-शिर्डी किंवा पुणे-कोल्हापूर असेल तर जेटचे पैसे वाचवा. जेटची मजा ४० हजार फुटांवर आहे आणि एवढ्या अंतरात ते तिथे पोचतच नाही, चढलं की उतरायला लागलं. खालच्या हवेत किंग एअर आणि छोटं सायटेशन जेट यांच्यात डोळे मिटून फरक सांगता येणार नाही, फक्त आवाज कळेल. दिल्ली किंवा बंगळुरूला जायचं असेल तर मात्र जेट, खास करून पावसाळ्यात, ढगांना वरून किंवा बाजूने टाळायला वाव मिळतो. सेस्नाचं सिंगल इंजिन टर्बोप्रॉप कॅराव्हॅन मिळत असेल तर तीही चालते, लोडिंग १४०-१५०, पण प्रेशराइज्ड नाही, म्हणजे सगळा प्रवास खालच्याच हवेत.

आणि हेलिकॉप्टर?

झोतांच्या बाबतीत तेवढ्याच वजनाच्या विमानापेक्षा बरं, कारण पाती प्रचंड वेगाने फिरत असतात आणि वर-खाली लवून धक्का गिळतात. थरथर मात्र कायमची. रॉबिन्सन आर२२, आर४४ सारख्या दोन पात्यांच्या छोट्या मशीनला टर्ब्युलन्समध्ये ६० ते ७० नॉट्सवर आणायला कंपनीच सांगते, कारण हलकं झाल्यासारखं वाटतं त्या क्षणी कंट्रोल चुकीचा दिला तर रोटर धोक्यात येतो. तिथे पायलटला घाई करायला लावू नका.

पायलट नेमकं काय करतो? विमान तर उडतच असतं.

पॉवर कमी, पंख लेव्हल, नाक जागेवर, बस. उंची शंभर-दोनशे फूट इकडे-तिकडे झाली तर होऊ देतो, प्रत्येक धक्क्याच्या मागे कंट्रोल घेऊन धावत नाही. ऑटोपायलट अल्टिट्यूड होल्डवर असेल तर तो मात्र धावतो, नाक वर-खाली करत बसतो आणि स्पीडची वाट लावतो, म्हणून बरेच जण तो काढून हाताने उडवतात. कोणाच्या विमानात बसलात आणि ते जास्तच हलतंय असं वाटलं तर पायलटचा हात बघा. स्टिक सारखी ढवळत असेल तर अर्धे धक्के त्याचेच आहेत.

उलटी होऊ नये म्हणून काय करायचं?

पुढे बसा, क्षितिजाकडे बघा, मोबाइल खिशात. व्हेंट तोंडावर सोडा, गार हवा सगळ्यात जास्त उपयोगी पडते. रिकाम्या पोटीही नको आणि मिसळ खाऊनही नको. घाटात घेतात ती ॲव्होमिन पॅसेंजर डॉक्टरला विचारून घेऊ शकतो, झोप येते, पायलटने अजिबात घ्यायची नाही, विद्यार्थ्यांनी तर नाहीच. विद्यार्थ्यांची उलटी बहुतेक वेळा पहिल्या काही सॉर्टीत, म्हणजे उड्डाणांत, थांबते कारण स्वतः कंट्रोल धरला की शरीराला पुढची हालचाल आधी कळते. आणि पिशवी हाताशी ठेवा, सीटच्या खिशात आहे का ते टेकऑफच्या आधी बघा, वर गेल्यावर शोधायला खाली वाकलात की संपलं.

धक्के बसत असताना पायलटशी बोललं तर चालतं का?

क्रूझमध्ये बोला की, त्यालाही बरं वाटतं. टेकऑफपासून वर लेव्हल होईपर्यंत आणि उतरायला लागल्यापासून इंजिन बंद होईपर्यंत गप्प. पट्टा सैल वाटला तर मात्र कधीही सांगा, कमरेचा आधी आवळायचा आणि मग खांद्याचा.